महिन्यातले दोन रविवार आपल्या डोंगर-खाडीसाठी द्यायचेत. कुठे द्यावेत?

सुगरण (धागाकर्ती)
नमस्कार मंडळी. मी ऐरोलीत राहते, नोकरी ठाण्यात. मुलगा यंदा दहावी झाला, त्यामुळे बऱ्याच वर्षांनी रविवारची सकाळ माझी स्वतःची झाली आहे.

जुलैत ऑफिसतर्फे पारसिकच्या डोंगरावर झाडं लावायला गेलो होतो. दीडशे माणसं, सगळ्यांना एकसारख्या टोप्या, शेवटी वडापाव आणि ग्रुप फोटो. मी तीन रोपं लावली. एक करंज, एक कांचन, तिसऱ्याचं नाव तिथे कुणालाच सांगता आलं नाही. परवा गणपती गेल्यावर एकटीच बघायला गेले. गवत कमरेएवढं झालंय. करंज सापडला, पण आडवा पडलेला, आणि मुळांभोवती काळी प्लॅस्टिकची पिशवी तशीच. कुणीतरी पिशवीसकट पुरला होता. कांचन सापडलाच नाही. तिसरं रोप एका दगडाच्या आडोशाला चांगलं वीतभर वाढलंय, त्याच्याजवळ बराच वेळ बसले होते.

घरी आल्यावर वाटलं, माझे दोन तास तिथे वाया गेले असं नाही, पण त्याहून बऱ्या ठिकाणी देता आले असते. ठाणे-नवी मुंबईत डोंगर, खाडी, तलाव, माळ असं जे काही उरलंय ते उरावं यासाठी साध्या माणसाने नेमकं काय करावं? माझ्याकडे महिन्याचे दोन रविवार आहेत, थोडे पैसे आहेत, अंगात ताकद बरी आहे. ज्यांनी हे काम प्रत्यक्ष केलंय त्यांचे अनुभव हवेत.

प्राची_वाशी
अगदी माझ्या मनातला प्रश्न. वाचत राहते.

येऊरची_वाट
ताई, तुमच्या करंजाचं वाचून वाईट वाटलं. मी गेली नऊ वर्षं येऊरच्या बाजूला एका गटाबरोबर काम करतो. आम्ही पहिल्या वर्षी दोनशे रोपं लावली आणि पुढच्या पावसाळ्याला मोजली तर एकतीस जगली होती. त्यानंतर आम्ही हिशेबच उलटा केला. आता वर्षाला फक्त चाळीस रोपं लावतो आणि प्रत्येकाला तीन वर्षं सांभाळतो.

कामाचं वेळापत्रक असं असतं: खड्डे मे महिन्यात खणायचे, म्हणजे माती उन्हात तापते. पहिले दोन-तीन चांगले पाऊस झाले की जूनअखेर रोप लावायचं. ऑगस्ट-सप्टेंबरात भोवतालचं गवत विळ्याने काढायचं आणि तेच गवत आळ्यात आच्छादन म्हणून टाकायचं. खरी गरज फेब्रुवारी ते मे. तेव्हा दर आठवड्याला कुणीतरी पाच-पाच लिटरचे कॅन घेऊन चढायला हवं. जुलैत आमच्याकडे साठ माणसं येतात, एप्रिलच्या रविवारी चारजण असतो. म्हणून तुम्ही विचारलंत तर माझं उत्तर एकच: एप्रिलमध्ये या.

आणि लावायचं ते इथलंच. ऐन, पळस, काटेसावर, पांगारा, बेहडा, कुंभा, असाणा. गिरिपुष्प आणि सुबाभूळ लावून डोंगर हिरवा दिसतो, पण पाखरांच्या आणि किड्यांच्या उपयोगाचा होत नाही.

नौपाडा_नाना
आमचं वय डोंगर चढायचं राहिलं नाही. आम्ही पाच-सहाजण सकाळी कचराळी तलावाला फेऱ्या मारतो. तीन वर्षांपूर्वी एका पिंपळाला मोबाईल दुरुस्तीच्या पाट्या ठोकलेल्या दिसल्या. पाट्या गेल्या होत्या, खिळे तसेच. पक्कड घेऊन गेलो आणि एका झाडातून सत्तावीस खिळे काढले. खिळ्याभोवती साल सुजून ओठासारखी झालेली असते, ती न दुखवता खिळा काढायला हात बसावा लागतो. लाकडाचा छोटा तुकडा पकडीखाली टेकवून तरफ दिली की सरळ बाहेर येतो. जागेवर आम्ही कडुनिंबाचं तेल लावतो.

तेव्हापासून दर गुरुवारी एक रस्ता घेतो. त्याचबरोबर झाडाच्या बुंध्यापर्यंत काँक्रीट आणि पेव्हर ब्लॉक घातलेले असतील तर पत्ता आणि फोटो लिहून महापालिकेच्या उद्यान विभागाकडे अर्ज करतो. सगळे अर्ज मार्गी लागत नाहीत. जे लागतात तिथली झाडं उन्हाळ्यात ओळखू येतात.

टिटवी
मी पक्षीवाली. येऊरची_वाट यांच्याशी सहमत आहे, पण एक भर घालते. आपल्याकडची सगळी मोकळी जमीन झाडं लावण्यासाठी नसते. खाडीकाठचा चिखल उघडा दिसतो, म्हणून कुणीतरी येऊन तिथे खारफुटी लावायचा कार्यक्रम करतं. पण तोच चिखल छोट्या रोहितांचं (फ्लेमिंगोंचं), तुतारींचं, चिखल्यांचं ताट आहे. खारघरचं पठार आणि गवताळ माळही तसेच. तिथे जमिनीवर घरटी करणारे पक्षी आहेत. माझ्या नावाची टिटवी तर उघड्या खड्यांतच अंडी घालते, तिथे खड्डे खणले की संपलं.

ठाणे खाडीचा भाग २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य झाला, सुमारे १,६९० हेक्टर, आणि २०२२ मध्ये त्याला पाणथळींसाठीचा आंतरराष्ट्रीय रामसर दर्जा मिळाला. पण रोहित पक्षी अभयारण्याची हद्द वाचून बसत नाहीत. मोठ्या भरतीला खाडीतला चिखल पाण्याखाली गेला की ते नेरूळ-सीवूड्सच्या पाणथळींवर येऊन उभे राहतात. ओहोटी लागली की परत खाडीत. त्या पाणथळी गेल्या तर अभयारण्य अर्धं होतं. हे आपल्याला माहीत आहे ते लोकांनी वर्षानुवर्षं पक्षी मोजले म्हणून.

सुगरणताई, मोजणीला या. दर जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना असते, ती १९८७ पासून चालू आहे. दुर्बीण नसली तरी चालेल, नोंदी लिहायला माणूस लागतोच. एरवी ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर नोंद टाका. एकाच जागी, महिन्यातून दोनदा, तीच वाट, तोच वेळ. वीस ठिकाणी एकेकदा जाण्यापेक्षा एका ठिकाणी वीसदा गेलेल्याची यादी पुढे पुरावा म्हणून उभी राहते.

अभि_घोडबंदर
माझा प्रश्न वेगळा आहे. आम्ही काही मित्र मिळून पैसे जमवतोय. मुरबाड-शहापूरकडे चार-पाच एकर घ्यायची आणि तशीच सोडून द्यायची, जंगल होऊ द्यायचं. परदेशात अशा संस्था असतात. आपल्याकडे जमतं का?

सातबारा
अभि, तुमची कल्पना चांगली आहे, पण पहिली अडचण सांगतो. महाराष्ट्रात शेतजमीन घ्यायला खरेदीदार स्वतः शेतकरी असावा लागतो. कूळकायद्याचं कलम ६३. तुमच्यापैकी एकाच्या नावावर गावाकडे सातबारा असेल तर वाट आहे, नसेल तर जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय नाही. दुसरं, घेतलेली जागा कुंपण घालून शहरात परत आलात तर दोन वर्षांत तिथे वणवा लागतो किंवा शेजारच्याची हद्द आत सरकते. राखणारा माणूस हवा.

दुसरा मार्ग वन्यजीव कायद्यातच आहे. २००२ च्या दुरुस्तीने त्यात दोन गोष्टी आल्या. सरकारी जमिनीवर संवर्धन राखीव क्षेत्र (३६-अ) आणि खासगी किंवा सामूहिक जमिनीवर, मालकांच्या इच्छेने, सामुदायिक राखीव क्षेत्र (३६-क). मालकी तुमचीच राहते. म्हणजे जमीन विकत घेण्यापेक्षा ज्याची आहे त्याच्याबरोबर उभं राहणं जास्त उपयोगी पडतं. ज्या गावाने देवराई राखली आहे तिथे जाऊन विचारा की तुम्हाला काय कमी पडतंय.

दिवाळे_कोळीवाडा
वरचं सगळं वाचलं. आता मी बोलतो, राग मानू नका.

आमच्या ९५ गावांच्या जमिनी नवी मुंबईसाठी गेल्या. भातशेती गेली, मिठागरं गेली, खाजण गेलं. १९८४ च्या जानेवारीत जासई-नवघरला गोळीबार झाला, पाच माणसं गेली, तेव्हा दि. बा. पाटील साहेबांच्या मागे आमचे आजे-बापच रस्त्यावर होते. तेव्हा पर्यावरण वाचवायला शहरातून कोण आलं नाय. आता खाडीकिनारी इमारतींत राहायला आलेले लोक रविवारी येतात आणि आम्हाला सांगतात की खारफुटीत जाऊ नका. अरे, माझी आई त्या खारफुटीत चिंबोरी धरत आली. तिवर तोडायचा नाय हे आम्हाला तिने शिकवलं. तिवर तोडला तर निवटीसारखी चिखलातली मासळी कुठं राहील, कोलंबी कुठं वाढेल?

आम्हाला खाडी वाचवायची हाय. पण आमच्या माथ्यावर बसून नको.

प्राची_वाशी
दिवाळे दादा, राग कसला मानायचा. लिहिलंत ते बरं झालं.

टिटवी
तुमचं म्हणणं मला पटतं आणि मी ते पाहिलंही आहे. मागे एका सफाई मोहिमेत आमच्यातल्या एकाने जाळं सुकवायला ठेवलेल्या बाईंना "इथे कचरा टाकू नका" म्हटलं होतं. त्या काही बोलल्या नाहीत, जाळं गोळा करून निघून गेल्या. आम्ही तिथे प्लॅस्टिक उचलत होतो आणि ते प्लॅस्टिक सगळं नाल्यातून शहरातून आलं होतं, त्यांच्या घरातून नाही. पुढच्या वेळी मी त्यांना भेटून माफी मागितली. आता आमची जी मोहीम होते ती ओहोटीची वेळ त्यांना विचारूनच ठरते.

मोहाचं_फूल
मी येऊरच्या पाड्यावरची. शिक्षिका आहे. दिवाळे दादांनी लिहिलं ते आमच्याकडेही लागू आहे, म्हणून लिहिते.

पावसाळ्यात शनिवार-रविवारी गाड्यांची रांग लागते. धबधब्यावर बाटल्या फुटतात. आमची पोरं अनवाणी त्याच ओढ्यात जातात. सोमवारी सकाळी काचा आमच्याच बाया वेचतात, त्याचे फोटो कुणी काढत नाही. आणि रात्री मोठ्याने गाणी लागली की जनावर खाली वस्तीकडे सरकतं.

मदत करायची असेल तर सांगते. एक, रोपवाटिकेसाठी बी आमच्या बायांकडून विकत घ्या. कुठल्या ऐनाचं बी कधी पडतं, कुठल्या मोहाला यंदा बार आहे हे त्यांना ठाऊक असतं. दोन, जूनपासून स्टेशनजवळ आमच्या बाया शेवळं, टाकळा, कुर्डू, करटुली घेऊन बसतात. भाव न पाडता घ्या. रानभाजीला दाम मिळाला तर रान राखायला कारण राहतं. तीन, तुमच्या मोहिमेत पाड्यावरची माणसं राबत असतील तर त्यांना रोजंदारी द्या. तुम्ही एक रविवार देता ते मोठंच आहे, पण त्यांचा रविवार म्हणजे मजुरीचा दिवस असतो.

येऊरची_वाट
मोहाचं_फूल, तिसरा मुद्दा सगळ्यांनी वहीत लिहून ठेवावा. आम्ही चौथ्या वर्षापासून बाराजण महिना पाचशे-पाचशे काढतो. त्यातून पाड्यावरचे दोघे फेब्रुवारी ते मे झाडांना पाणी घालतात आणि वणव्यावर नजर ठेवतात. एकतीस रोपं जगणारा आमचा गट चाळीसातली चौतीस जगवायला लागला त्याचं कारण ते दोघे आहेत, आम्ही नाही.

खारघर_चढण
वणव्याचा विषय निघालाच आहे तर.

दिवाळीनंतर खारघर, पारसिक, येऊर सगळीकडे गवत वाळायला लागतं. मार्च-एप्रिलमध्ये एका विडीच्या थोटकाने अख्खा उतार जातो. आग आपोआप लागत नाही, माणूसच लावतो, कधी निष्काळजीपणे, कधी नवं गवत लवकर फुटावं म्हणून. मागल्या वर्षी मार्चमध्ये रात्री नऊला डोंगरावर लाल रेघ दिसली. आम्ही सहाजण चढलो. हिरव्या फांद्यांचे झापे करून मारत बसलो. ज्वाळा गुडघ्याएवढीच होती, पण वारा फिरला की धूर तोंडावर येतो आणि काही दिसत नाही. तासाभराने वनखात्याची माणसं ब्लोअर घेऊन आली. दोन वर्षं जगवलेली आमची सोळा काटेसावरीची रोपं त्यात गेली. त्यातल्या पाचांना पावसाळ्यात बुडातून परत धुमारे फुटले.

सुगरणताई, नोव्हेंबर-डिसेंबरचे दोन रविवार जाळरेषेसाठी द्या. म्हणजे गवताचा पट्टा कापून जमीन उघडी करायची, आग तिथे येऊन थांबते. काम कंटाळवाणं आहे, फोटो चांगले येत नाहीत, पण एका पट्ट्यामागे शेकडो झाडं वाचतात. वनक्षेत्र अधिकाऱ्यांची परवानगी काढूनच करायचं. पूर्ण बाह्यांचा सुती शर्ट घाला, सिंथेटिक नको.

फॉरेस्टर_निवृत्त
तीस वर्षं वनखात्यात काढली, म्हणून दोन शब्द. आग दिसली की आधी १९२६ लावा. वनखात्याच्या हॅलो फॉरेस्टचा टोल फ्री क्रमांक आहे. खालून वर, चढणीच्या दिशेने येणाऱ्या आगीसमोर कधीही उभं राहू नका, आग चढणीला पळते. खारघर_चढण आणि मंडळींनी हिंमत केली, पण प्रशिक्षणाशिवाय रात्री चढू नका ही कळकळीची विनंती.

घाणेरी आणि रानमोडी ही बाहेरून आलेली झुडपं उपटण्याचं कामही असंच विचारून करा. सगळी घाणेरी एका दिवसात काढली तर त्या उतारावर पुढच्या पावसात माती वाहते. पट्ट्या-पट्ट्याने काढायची आणि रिकाम्या जागी लगेच स्थानिक बी टाकायचं.

सातबारा
आता माझ्या कामाचं. ज्यांना चढता येत नाही, चिखलात उतरता येत नाही, त्यांनी कागद वाचावेत. हेसुद्धा राखणंच आहे.

झाड तोडायच्या अर्जावर जाहीर सूचना लागते, झाडावरही लावतात. सात दिवसांत हरकत नोंदवता येते. वृक्ष कायद्याच्या २०२१ च्या दुरुस्तीनंतर पन्नास वर्षांवरचं झाड वारसा वृक्ष धरलं जातं, त्याला जास्त संरक्षण आहे. घेर मोजून, वयाचा अंदाज देऊन हरकत लिहिली तर ती नुसती "आमचा विरोध आहे" म्हणण्यापेक्षा वजनदार होते. विकास आराखड्याचा मसुदा आला की हरकती-सूचनांना ठरावीक मुदत असते. तुमच्या प्रभागाचा नकाशा मोठा करून बघा. आजचं मैदान, तलाव किंवा डोंगराचा पायथा कुठल्या रंगात दाखवलाय? रंग बदललेला असेल तर मुदतीत दोन पानी पत्र द्या.

जमिनीचा गट नंबर किंवा सर्व्हे नंबर माहीत असेल तर सरकारच्या महाभूलेख संकेतस्थळावर सातबारा उघडा. इतर हक्काच्या रकान्यात वनाची नोंद आहे का बघा. एका उतारावर जेसीबी चालू होता. एका कॉलेजच्या मुलीने सातबाऱ्यावरची ती नोंद काढून तक्रारीला जोडली. नोंद नसती तर मातीच्या ढिगाची तक्रार म्हणूनच तो कागद फिरत राहिला असता. काम दुसऱ्या आठवड्यात थांबलं. माहितीचा अर्ज दहा रुपयांत होतो, तीस दिवसांत उत्तर देणं बंधनकारक आहे.

अभि_घोडबंदर
कागदांनी खरंच काही अडतं का हो? मोठ्या प्रकल्पापुढे एक पत्र म्हणजे काय?

सातबारा
अडतं. आज कुठलीही खारफुटी तोडायला उच्च न्यायालयापर्यंत जावं लागतं, ते कशामुळे? एका संस्थेच्या जनहित याचिकेमुळे. २००५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने राज्यभर खारफुटीच्या तोडीवर आणि तिच्याभोवतीच्या ५० मीटरमधल्या भरावावर बंदी घातली. २०१८ च्या निकालात खारफुटीचा नाश म्हणजे नागरिकांच्या जगण्याच्या हक्कावर घाला असं सांगितलं आणि तक्रारींसाठी कोकण विभागीय आयुक्तांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. ती बेलापूरच्या कोकण भवनात बसते. त्या याचिकेलाही जोडले होते ते फोटो, नकाशे आणि तारखाच.

सुगरण
इतकं भरभरून लिहिलंत, सगळ्यांचे आभार. दोनदा वाचलं. टिटवीताईंचं "एका ठिकाणी वीसदा" आणि मोहाचं_फूल यांचं रोजंदारीचं मनात राहिलं. येऊरच्या गटात एप्रिलसाठी माझं नाव धरा आणि महिना पाचशेही.

पण जवळची एक गोष्ट विचारायची आहे. आमच्या सेक्टरमागे खाडीकडे जाणारा कच्चा रस्ता आहे. रस्त्याच्या खाडीकडच्या बाजूला तिवराची झाडं हिरवीगार आहेत. अलीकडच्या बाजूला साधारण फुटबॉलच्या मैदानाएवढा पट्टा आहे, तिथली झाडं दोन वर्षांत वाळून करडी झाली. कुणी तोडलेली नाहीत, कुऱ्हाडीचा घाव कुठेच नाही. पेन्सिलीसारखी श्वसनमुळं आहेत, पण भोवतीची जमीन भेगाळलेली. रस्त्याखाली दोन मोऱ्या आहेत, दोन्हींच्या तोंडाशी राडारोडा. मला वाटतं पाणीच येत नाहीये. येत्या रविवारी आम्ही सोसायटीतले दहाजण फावडी घेऊन मोऱ्या मोकळ्या करणार आहोत. बरोबर आहे ना?

फॉरेस्टर_निवृत्त
निदान बहुतेक बरोबर आहे. तिवर मारायला कुऱ्हाड लागत नाही. भरती अडवली की पुरे. पण फावडं घेऊन उतरू नका. ते कांदळवन, म्हणजे खारफुटीचं जंगल, असेल तर तिथे खोदकाम करणं तुमच्यावरच गुन्हा होऊ शकतो, हेतू कितीही चांगला असला तरी. शिवाय मोरीत तारा, काचा, कधी पाण्याची लाईनही असते. पुरावा तयार करा आणि कांदळवन कक्ष, जिल्हाधिकारी आणि वर सांगितलेली समिती तिघांना एकच पत्र द्या.

येऊरची_वाट
फॉरेस्टर साहेब, मला हे थोडं अन्यायाचं वाटतं. ज्याने राडारोडा टाकला तो मोकळा आणि जी बाई तो उचलते तिच्यावर गुन्हा?

फॉरेस्टर_निवृत्त
अन्याय आहेच. पण एकदा परवानगीशिवाय फावडं चालायला लागलं की उद्या भराव टाकणाराही "मोरी साफ करत होतो" म्हणेल. हे मी डोळ्यांनी पाहिलंय. म्हणून म्हणतो, आधी सिद्ध करा की भरती रस्त्यापर्यंत येते आणि पुढे जात नाही.

सुगरण
हे सिद्ध कसं करायचं? आणि मोठी भरती कधी हे कुठे बघायचं? मी सकाळी जाते तेव्हा नेहमी ओहोटीच असते.

दिवाळे_कोळीवाडा
हे विचारलंत ते बरं केलंत. ॲप बघायची गरज नाय. तिथीची पाऊणपट करायची, तेवढ्या वाजता भरती पूर्ण. चतुर्थी असेल तर चार पाऊण तीन, म्हणजे तीनला. अष्टमीला सहाला. अमावास्या-पौर्णिमेला दुपारी-रात्री बाराच्या सुमारास, आणि तेव्हा उधाण. अष्टमीच्या आसपास भांग, तेव्हा पाणी कमी चढतं. तुमच्याकडे खाडीत आतवर यायला जरा उशीर लागेल.

येत्या सर्वपित्री अमावास्येला बाराच्या आधी जाऊन उभ्या राहा. बांबूला हातभर अंतरावर रंगाच्या खुणा करा. एक बांबू खाडीकडे, एक अलीकडे. फोटो काढत राहा. अलीकडे पाणी चढलं नाय तर मोरी बंद, दुसरं काय?

प्राची_वाशी
दादा, हे सोनं आहे. आजवर भिंतीवरच्या कॅलेंडरात दुधाचे खाडे लिहीत होते, आता खाडीही लिहीन!

नौपाडा_नाना
प्राची, हे घरी सांगितलं. सौ. म्हणाल्या, दूधवाला पण भांगालाच कमी आणतो.

सुगरण
अमावास्येला जाऊन आले. सुट्टी टाकली. मुलगा बरोबर होता, तोच फोटो काढत होता, प्रत्येकावर तारीख, वेळ आणि ठिकाण उमटेल असं ॲप लावून.

साडेअकराला खाडीकडच्या बांबूची पहिली खूण बुडाली. बाराला दुसरी. चिखलावर निवट्या उड्या मारत पाण्याच्या पुढे पुढे पळत होत्या. साडेबाराला तिसरी खूण बुडाली आणि पाणी रस्त्याच्या कडेला टेकलं, मोरीच्या तोंडातल्या विटांच्या तुकड्यांशी फेस जमला. अलीकडचा बांबू कोरडा. आम्ही दीडपर्यंत थांबलो. अलीकडे फक्त मोरीच्या तोंडाशी परातीएवढी जमीन ओली झाली. मुलगा त्या ओल्या जागेकडे बघत म्हणाला, आई, ह्या झाडांना समोर पाणी ऐकू येत असेल.

बावीस फोटो, गुगल अर्थवरची आधीच्या वर्षांची चित्रं ज्यात हा पट्टा हिरवा दिसतो, आणि सातबारा यांनी सांगितल्याप्रमाणे सर्व्हे नंबर, असं पत्र तिन्ही ठिकाणी दिलं. एका कार्यालयात "हे आमच्याकडे येत नाही" म्हणून परत पाठवलं होतं. दुसऱ्या दिवशी पोचपावतीचा आग्रह धरला तेव्हा घेतलं.

टिटवी
तुमच्या मुलाला पाणपक्षी गणनेत घेऊन या. नोंदी त्यालाच लिहू देऊ.

सातबारा
पोचपावती जपून ठेवा. महिनाभरात हालचाल नसेल तर माहितीचा अर्ज करू, मसुदा मी देतो.

सुगरण
अर्जाची गरज पडली नाही. काल फोन आला. वनखात्याचे दोघे येऊन जागा बघून गेले, पंचनामा केला. त्यांचं म्हणणं, मोऱ्या यंत्राने साफ होतील, पण पाणी मूळ कुठल्या वाटेने आत यायचं ते कळायला हवं. कारण दोन मोऱ्यांपैकी एक चुकीच्या उंचीवर बसवल्यासारखी दिसते. जुना नकाशा त्यांच्याकडे नाही. कोजागिरीच्या दुपारी उधाणाला परत मोजणी घ्यायची आहे, तेव्हा तेही येणार आहेत. इथून कुणी येईल का? तीन-चार बांबू एकाच वेळी बघायला माणसं हवीत.

येऊरची_वाट
मी येतो. बांबू आमच्याकडचे आणतो, खुणा आधीच केलेल्या आहेत.

मोहाचं_फूल
शाळा आहे, येता येणार नाही. पण आठवीची दोन मुलं तिथी-भरतीचं गणित फळ्यावर करून दाखवतायत, ते तुमच्यामुळे.

दिवाळे_कोळीवाडा
माझं आजोळ ऐरोलीचं दिवा गाव. मामाला फोन केला. तो बोलला, रस्ता नव्हता तेव्हा तिथं शेतीचा बांध होता आणि बांधाला उघाडी होती, लाकडी फळीची. तो लहानपणी ती फळी वर-खाली करायला बापाबरोबर जायचा. उधाणाला फळी उचलली की जिताड्याची पिल्लं आत यायची. उघाडी नेमकी कुठं होती ते त्याला माहीत हाय, चिंचेच्या रेषेत.

सुगरण
चिंच अजून आहे! रस्त्याच्या वळणावर, एकच. तिच्यापासून मोरी निदान पन्नास पावलं लांब आहे. मामांना आणाल का?

दिवाळे_कोळीवाडा
येतो बोलला. सत्तरीचा हाय, चिखलात उतरायला ऐकणार नाय, कुणीतरी हात धरायला लागेल. साडेअकराला चिंचेखाली भेटू. त्याला दर अर्ध्या तासाने चहा लागतो.

नौपाडा_नाना
थर्मास माझ्याकडे. हात पण मीच धरतो.